चार इंचांची मर्दुमकी

"मामा, खंयची घेवूं सांग," असे म्हणत माझ्या भाच्याने 2022च्या नोव्हेंबरात मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एकाखाली एक सात-आठ चेनसॉ. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या. चार इंची पट्टीची, सहा इंची, आठ इंची. प्रत्येकीखाली तेच वाक्य: कॅम्पिंग आणि बाहेरच्या हलक्या कामांसाठी उत्तम. चित्रात एक दाढीवाला गोरा गडी, अंगात चौकड्यांचा शर्ट, मागे पाइनचे रान आणि बर्फ. मी चष्मा लावला आणि अर्धा तास खपून त्याला एक निवडून दिली.

निवड चोख होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. चूक वेगळीच होती. ती सांगायला आज बसलो आहे, कारण तेव्हापासून निदान सहा-सात जणांनी मला तोच प्रश्न विचारला आहे. कुळागरवाला माणूस, त्याला हत्यारांतले कळत असेल, असा लोकांचा समज!

आधीच सांगतो, मी यंत्राचा वैरी नव्हे. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्या वाटेवर एक जुना आंबा आणि दोन माड आडवे पडले. वीज नाही, फोन नाही, घरात आजारी माणूस. वाड्यावरच्या दोन पोरांनी पेट्रोलची चेनसॉ आणली आणि दीड तासात वाट मोकळी केली. कुऱ्हाडीने दोन दिवस लागले असते. त्यानंतर मी स्वतः बॅटरीवर चालणारी सहा इंची घेतली. पावसाळा सरल्यावर मोडलेल्या फांद्या, जायफळाची वाळकी फाटी, कुंपणातून आत घुसलेल्या डहाळ्या, एवढ्याला ती बरी पडते.

त्या वापरातून जे शिकलो ते फुकट देतो. बॅटरीवर 48, 88, 98 असे जे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, ते व्होल्ट असतात असे समजू नका. माझी पहिली बॅटरी मेली तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती माझ्यासमोर उघडली. आत लिथियमचे पाच सेल. एकेक 3.6 व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून 18. पूर्ण भरल्यावर 21. वरचा आकडा छापखान्याचा! दुसरे तेलाचे. साखळी पट्टीच्या खाचेतून घासत फिरते, तिला सतत तेल लागते. स्वस्तातल्या पुष्कळ छोट्या यंत्रांना आपोआप तेल सोडण्याची सोयच नसते, हाताने थेंब टाकत बसावे लागते. आपल्या घरात खोबरेल हाताशी, मीही तेच घातले. चालते. पण काम झाल्यावर पुसून काढले नाही तर काही आठवड्यांत त्याचे चिकट किटण होते आणि साखळी आखडते.

आणि ही साखळी आमच्या लाकडाला रुसते. माडाचा पिडा कापायला गेलात तर त्याचे तंतू साखळीत आणि आतल्या दातेरी चाकात गुंततात, मग झाकण काढून चिमट्याने ओढत बसा. बांबू दात बोथट करतो आणि त्याच्या चिरफळ्या उडतात. जमिनीला टेकलेले लाकूड कापताना साखळी एकदा जांभ्याच्या खड्याला लागली की त्या दिवसाचे काम संपले. माड, पोफळ आणि बांबू वगळले तर कुळागरात उरते काय? उरते तेवढ्यापुरती ही करवत. बाकीच्याला चार-पाचशे रुपयांचा कोयता आहेच, आणि तो धार लावायला कानस नि चिमटे मागत नाही. घरासमोरच्या दगडावर पाणी शिंपडून घासला की झाले.

हत्यार हुशार आहे, यात वाद नाही. साखळीच्या दातांची आजची रीत 1946 साली जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याला सुचली, तीही लाकूड पोखरणाऱ्या एका अळीचे जबडे न्याहाळून. तो राबत होता ओरेगनच्या अजस्र सूचिपर्णी वृक्षांत. ती तिकडची गरज. बर्फात तंबू ठोकून राहायचे तर रात्रभर शेकोटी लागते, हेही तिकडचे. आपल्या चोर्ल्याला डिसेंबरात काय लागते? एक घोंगडी. सहा माणसांचा चहा, भात आणि कोंबडी शिजायला तीन दगड आणि मनगटाएवढ्या सुक्या काटक्या पुरतात. मनगटाएवढी सुकी काटकी गुडघ्यावर मोडते. मोडत नसेल तर ती सुकी नाही. मग चेनसॉ कशासाठी नेतात? मला विचाराल तर आवाजासाठी. घोड्यावर बसता येत नाही म्हणून कमरेला तलवार बांधायची, त्यातला प्रकार.

आता त्या डिसेंबराचे. चोर्ला घाट चढून जांबोटीच्या बाजूला एका स्नेह्याची खाजगी जमीन आहे. भाचा, त्याचे चार मित्र आणि मी, असे गेलो. मी बरोबर होतो, तेव्हा हे ऐकीव नव्हे. संध्याकाळी गोळा केलेले सरपण स्वयंपाकाला पुरून उरले होते, पण पोरांना ज्वाळा हव्या होत्या, फोटोत दिसतील अशा. नऊच्या सुमारास लाकूड संपले. भाच्याने कपाळाला दिवा बांधला, करवत घेतली आणि पलीकडचे हाताच्या दंडाएवढे किंदळाचे उभे झाड कापले. अर्ध्या मिनिटात आडवे! पोरांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असते. ते पेटले नाही, धुमसत राहिले आणि आम्ही सगळे डोळे चोळत बसलो. मी हातात चहाचा पेला घेऊन म्हणालो, "अरे, ओले जळत नाही." एवढेच म्हणालो. "कापू नकोस" म्हणालो नाही.

मग तो त्याच झाडाच्या फांद्या सोडवायला गेला. ही छोटी यंत्रे एका हाताने धरायची म्हणून विकतात. उजव्या हातात यंत्र धरले की डावा हात आपोआप फांदी धरायला पुढे येतो, साखळीपासून वीतभर अंतरावर. कापताना पट्टीच्या टोकाची वरची कड मागच्या दुसऱ्या फांदीला टेकली. टोकाचा तो वरचा भाग कशालाही अडला की पट्टी उसळून वर येते. मोठ्या यंत्रांना अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक असतो, ह्या खेळण्याला नव्हता. साखळी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी बसली. हातात मोजे नव्हते. फोनला रेंज नव्हती. बेळगाव गाठेपर्यंत दोन टॉवेल भिजले. कंडरा तुटली होती. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण आजही तो अंगठा पुरता वळत नाही.

आमच्या घरच्या चवथीच्या आरतीला घुमट तोच वाजवायचा. ज्यांनी घुमट जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, उजवा हात चामड्यावर पडतो आणि डावा मागच्या तोंडाशी उघडझाप करून नाद घुमवतो. सगळी गंमत डाव्यात. आता आरतीला तो मागे भिंतीशी उभा राहून नुसता गातो. बहीण मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्याने मला विचारले होते, कोणती घेऊ? मी पट्टी, बॅटरी, वजन, किंमत सगळे पाहिले. तू तिने कापणार काय, हे काही विचारले नाही.

ते किंदळाचे झाड तर कायद्यानेही आमचे नव्हते. जमीन मित्राची म्हणून झाड कापायची मोकळीक मिळत नाही. गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा 1984चा, तिकडे कर्नाटकाचा 1976चा. स्वतःच्या भाटातले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते हे गोवेकराला सांगायला नको, आपण त्या कचेरीचे उंबरे झिजवलेले आहेत. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतिगाव ही तर अभयारण्ये, तिथे 1972चा वन्यजीव कायदा लागतो. तिथे सुके लाकूडही कापायचे नाही. पण कायद्याचे सोडा. 2016 साली माडाला 'झाड' ह्या व्याख्येतून वगळले तेव्हा आपण किती खवळलो होतो! 2020मध्ये मोलेच्या झाडांसाठी हातात फलक घेतलेल्यांत आमच्या ह्या पाच पोरांपैकी तीन होती. आणि दोन वर्षांनी एका फोटोसाठी उभे किंदळ आडवे झाले तेव्हा त्यांनीच टाळ्या वाजवल्या. त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण पेला हातात घेऊन मी तिथेच बसलो होतो.

"आम्ही फक्त वठलेले, पडलेले लाकूड कापतो," असे कुणी म्हणेल. पावसात म्हादईच्या रानात रात्री दिवा मालवून उभे राहा. कुजत्या ओंडक्यांवरची बुरशी हिरवट उजेडाने चमकते. ते तुमचे 'पडलेले लाकूड'. वठलेल्या झाडांच्या ढोलीत काय काय राहते ते सत्तरीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. केरीच्या आजोबाच्या रायीसारख्या आपल्या देवरायांतून वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही, असा दंडक पिढ्यान्पिढ्या पाळला गेला. त्याला अंधश्रद्धा म्हणून हसणारे आम्हीच शिकलेले. 2023च्या मार्चमध्ये म्हादईचे डोंगर दिवसेंदिवस जळत होते, तेव्हा तो धूर पणजीत बसून आपण टीव्हीवर पाहिला. तरीही शेकोटीशिवाय कॅम्प कसला, असे म्हणणारे आहेतच.

एक आक्षेप मात्र खरा आहे. एका वाचकाने मला सुनावले की पावसात घाटात झाड आडवे पडले तर जीपमध्ये करवत हवी. हवी. पण चार इंची पट्टीने फार तर तीन इंचांची फांदी धड कापली जाते. रस्ता अडवणारे झाड फूटभर जाडीचे असते. त्याला मोठे यंत्र, दोन्ही हात, पायात जाड बूट आणि ते चालवायला शिकलेला माणूस लागतो. ताणाखाली वाकलेला बुंधा कुठून कापायचा हे कळत नसेल तर तो सुटून छातीत बसतो. तौक्तेच्या वेळची ती पोरे कापण्याआधी प्रत्येक खोडाभोवती दोनदा फिरून बघत होती, हे मला अजून आठवते.

घरच्या झाडांसाठीच कुणाला घ्यायची असेल तर घ्या. दोन्ही हातांनी धरता येते का पाहा. खटक्याबरोबर दुसरे बटण दाबल्याशिवाय साखळी फिरता कामा नये. तेलाची टाकी असावी. साखळी म्हापशात किंवा फोंड्यात बदलून मिळते का हे आधी दुकानात जाऊन विचारा, कारण न मिळणाऱ्या साखळीचे यंत्र म्हणजे कोनाड्यातली शोभा. मोजे आणि चष्मा त्याच दिवशी घ्या. उद्या घेऊ म्हटले की राहते.

कॅम्पला न्यायला मात्र मी एकच सांगतो. घडीची हातकरवत घ्या, ओढताना कापणारी, खिशात मावणारी. दंडाएवढी सुकी फांदी दोन-तीन मिनिटांत कापते. बॅटरी नको, तेल नको. दमलात की आपोआप थांबता. आणि स्वयंपाकाला गॅसची लहान शेगडी न्या. चहा तिच्यावरही तितकाच कडक होतो.

भाच्याची ती करवत आमच्या खोपीत कोपऱ्यात पडून आहे. विकायला त्याला जमत नाही आणि वापरायला मला. परवा पुन्हा एकाचा फोन आला, नेत्रावळीला जाणार आहोत, चार इंची घेऊ की सहा? ह्या वेळी मी आधी विचारले, बाबा रे, कापणार काय? तो म्हणाला, ते तिथे गेल्यावर बघू की!

त्याला हा लेख पाठवतो आहे.