अमूर्त छायाचित्र कशास म्हणावें?

छायाचित्रांतील वस्तु ओळखूं आली नाहीं कीं तें अमूर्त झालें, असा एक सोयीस्कर समज रूढ होऊं पाहत आहे. वाशीच्या खाडीवरील पूल ओलांडतांना कोणीं खालच्या चिखलाचा तुकडा टिपावा, क्षितिज व किनारा कापून टाकावा, आणि खालीं ‘शीर्षकहीन’ असें लिहावें. कीं झाली अमूर्त कला! आम्हांस हें मत मुळींच मान्य नाहीं. ज्या चित्राचा सारा दिमाख ‘हें काय असेल बरें?’ असें विचारावयास लावण्यांत आहे, तें एक कोडें होय. आणि उत्तर कळतांच कोडें संपतें.

ह्याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो कीं, कॅमेऱ्यास समोर वस्तु लागतेच. मग अमूर्तता कसली? परंतु अल्फ्रेड स्टीग्लिट्झ ह्यांनीं १९२२ पासून घेतलेल्या ढगांच्या छायाचित्रांत ढग बहुधा ओळखूं येतात. किहीम येथें १९९० सालीं निवर्तलेल्या नसरीन मोहमदी ह्यांनीं फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी टिपली, मागावरचे ताणलेले धागे टिपले. हीं छायाचित्रें त्यांनीं हयातींत प्रदर्शितहि केलीं नाहींत. फरशी ही फरशी आहे हें कळूनहि दृष्टि तेथें थांबत नाहीं. ती रेषा, प्रकाश व मोकळी जागा ह्यांच्या परस्परसंबंधांत रमते. वस्तूच्या उपयोगाकडून त्या संबंधाकडे लक्ष वळविणें, हीच अमूर्तता.

म्हणून कसोटी एकच: नांव सांगितल्यावर चित्र उरतें काय? ओहोटीस वाशीच्या गाळांत पाण्याच्या वाटा फांद्यांप्रमाणें फुटत जातात. खालीं स्थळ लिहिल्यानें त्या रेषांचा तोल तिळमात्र ढळत नाहीं. नांवानें कल्पनाशक्ति बांधली जाते, असें कोणी म्हणेल. पण गवई राग सांगून गायला, म्हणून श्रोत्याचा आनंद कमी होतो काय?

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. ऐरोली व वाशी येथील पुलांमधला खाडीचा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य ठरला. २०२२ सालीं ठाणें खाडीस रामसर यादींत स्थान मिळालें. अशा पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर त्याचे रंगहि कॅमेऱ्यास मोहकच दिसतील. तें चित्र निनांवी करून दिवाणखान्यांत टांगलें, म्हणजे विषाचा अलंकार झाला, आणि जाब विचारावयास जागा उरली नाहीं.

छायाचित्रकारांनीं स्थळ व काळ निःसंकोचपणें लिहावा. ज्या चित्रास आपल्या वस्तूचें नांव सोसत नाहीं, त्यास अमूर्त म्हणणें हा त्या शब्दाचा अपमान आहे.