सातबाऱ्याबाहेरचं मढं

दोस्तहो, या सरकारनं मरणालासुद्धा पट्टी लावली. ती पट्टी कोणाच्या मापाची आहे, एकदा बघाच.

23 जानेवारी 2006 चा शासन निर्णय. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला 1 लाख. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. पण आधी 'पात्र' ठरायचं. घरात सातबारा पाहिजे. कर्ज पाहिजे, तेही बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानेवाल्या सावकाराचं. वर वसुलीचा तगादाही पाहिजे. एक रकाना रिकामा की बसला शिक्का, अपात्र!

आता सांगा, ज्याच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्याचा सातबारा येणार कुठून?

आमच्या यवतमाळकडच्या वस्तीतला एक गडी दुसऱ्याच्या वावरात बटईनं कापूस लावायचा. उधारीत बुडाला. गेला. बायको कचेरीत गेली तर कारकून म्हणतो, "बाई, तो शेतकरी नव्हताच." ती बोलली, "मंग त्याच्या हाताले घट्टे कायचे पडले होते जी?"

हे लिहून घ्यायला त्यांच्या फॉर्मात जागा नव्हती.

2006 च्याच जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज. त्यातले 712 कोटी थकलेल्या व्याजाच्या माफीचे. अरे, ज्याला बँकेनं दारात उभं केलं नाही, त्याचं कोणतं व्याज माफ करता? पण अहवालात कोटी दिसले. योजना राबली म्हणे!

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्यूरोनं 2014 साली शेतमजूर वेगळा मोजला. तेव्हा कळलं, त्या एका वर्षात देशभर आत्महत्या केलेले शेतकरी 5,650 आणि शेतमजूर 6,710. मजुरांची मढी जास्त! आणि मदत मात्र सातबारा बघून.

मी सूतगिरणीत राबतो. तिथं वाया गेलेला कापूससुद्धा तोलून वहीत लिहितात. सरकारच्या वहीत आमचा माणूस तेवढाही नाही.

1959 आणि 1964 साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. मागणी जमिनीची होती. ती जमीन मिळाली असती तर आज सातबारा असता, आणि कदाचित तो गडीही असता.

म्हणून पोरांनो, नुसते मोर्चे काढून भागणार नाही. वही घ्या. वस्तीवस्तीत बसा. कोण मेला, कोणाच्या वावरात राबत होता, उचल किती, जमीन किती, सगळं लिहा. त्या माउलीचा प्रश्न पहिल्या पानावर लिहा. मग ती वही घेऊन कचेरीत जाऊ, आणि म्हणू, आता तुमचा अहवाल काढा, आमच्या वहीशी ताडून बघू.

जय भीम!