पसरणीच्या घाटाने पाच नद्यांच्या माहेरी



संक्रांत झाली, हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा भरू लागला, की कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याच्या घरी आठपंधरा दिवसांची उसंत मिळते. (ऊसवाल्यांचे वेगळे, त्यांचे सारे लक्ष तोडीच्या पाळीकडे.) ही उसंत सोसायटीचे हेलपाटे आणि लग्नाच्या बैठका यांत निघून जाते. यंदा त्यातले दोन दिवस काढा आणि घरच्या मंडळींना घेऊन घाट चढून या, एवढे सांगण्यासाठी आजचे हे सदर आहे.

आपल्याकडे घराबाहेर पडण्याचे दोनच प्रकार. एक देवाची यात्रा, दुसरा खात्याचा अभ्यास दौरा. यात्रेला घरची बाई जाते, पण वाटेत कुणाचे शेत बघायला गाडी थांबत नाही. अभ्यास दौऱ्यात शेतेच बघायची असतात, पण गाडीत सारे पुरुष. दौऱ्यांच्या याद्या मी तीस वर्षे पाहत आलो आहे. त्यांत बायकांची नावे क्वचित येतात. लावणी तिची, खुरपणी तिची, काढणी तिची, आणि नवे वाण बघायला जाणार मात्र तिचा दीर! म्हणून मी सुचवतो ती सहल यात्राही आहे आणि दौराही. वाईहून निघायचे, पसरणीचा घाट चढून पाचगणी, तिथून महाबळेश्वर आणि दुसऱ्या दिवशी खाली कोयनेच्या खोऱ्यात तापोळा.

वाईत शिरताच कृष्णेचे घाट आणि ढोल्या गणपती. हे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले. नदीच्या अंगाला देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती काढली आहे, म्हणजे पुराचे पाणी त्यावर आदळण्याऐवजी दोन्ही बाजूंनी कापले जाते. ओढ्याकाठी विहीर किंवा ताल बांधणाऱ्याने ती भिंत जरूर बघावी. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली मोठी घंटा १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली त्या वेळच्या लुटीतली. ‘स्वदेस’ चित्रपटातले गाव म्हणून पोरे हा घाट लगेच ओळखतील. पुढे धोमला नृसिंहाचे देऊळ आणि पाण्याच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी.

देवदर्शन झाले की धोमच्या धरणाकडे बघा. साडेतेरा टीएमसीचे हे धरण. याच्या कालव्यांवर खालच्या गावांचा ऊस, हळद आणि आले उभे आहे.

वाईहून निघाल्यावर घाटाच्या पायथ्याशी पसरणी लागते. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. इथून पुढे मात्र माणसांनी गाडीत झोपू नये. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. बारा-तेरा किलोमीटरच्या वळणांत आपण जवळजवळ सहाशे मीटर वर चढतो. खिडकीतून दरी सगळेच बघतात. तुम्ही पिके बघा. खाली काळी, खोल जमीन, ऊस आणि ज्वारी. थोडे वर आले की मुरमाड उतार, मग उघडा कातळ आणि अगदी माथ्यावर तांबडी जांभ्याची माती.

या फरकाचे मूळ पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. वाईत येईपर्यंत तो सातआठशेवर येतो. अंतर किती? अवघे बत्तीस किलोमीटर. समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. पलीकडे उतरताना त्यांच्यात फारसे काही उरत नाही. पर्जन्यछाया हा शब्द पोरांनी शाळेत पाठ केलेला असतो. या रस्त्यावर तो एका तासात डोळ्यांनी दिसतो.

पाचगणी हे गाव इंग्रज अमदानीत जॉन चेसन नावाच्या गृहस्थाने वसवले. उंच सिल्व्हर ओकची झाडे आणि निवासी शाळा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. टेबल लँडवर घोडागाडीत बसण्यापेक्षा तो खडक बघा: खाली काळा बेसाल्ट, त्यावर सच्छिद्र जांभ्याची टोपी. पावसाचे पाणी जांभ्यातून मुरते, खालच्या कठीण थराशी अडते आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन फुटते. दिवाळीनंतर हे झरे आटत जातात. म्हणूनच देशातल्या अतिपावसाच्या प्रदेशात असूनही या डोंगरावरच्या काही वाड्यांत उन्हाळ्यात बाई हंडा घेऊन दरीत उतरते. पाऊस फार पडला म्हणजे पाणी आले असे नव्हे. ते अडले पाहिजे. आम्ही हे पाणलोटाच्या बैठकीत बोर्डावर खडूने काढून दाखवतो, इथे ते दगडातच काढून ठेवले आहे. सिडने पॉइंटवरून खाली कृष्णेचे खोरे आणि सकाळी बघितलेले धोमचे पाणी दिसते.

पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना भिलारला वळा. ४ मे २०१७ रोजी हे ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समधल्या हे-ऑन-वायची कल्पना राज्य सरकारने इथे आणली, पण भिलारात पुस्तके दुकानात नाहीत, लोकांच्या घरांत आहेत. सुरुवात पंचवीस ठिकाणांनी झाली. कुणाच्या पडवीत कथा-कादंबऱ्या, कुणाच्या माडीवर इतिहास. आत जाऊन बसायचे, वाचायचे, पुस्तक जागेवर ठेवून यायचे. मला हा प्रयोग फार आवडतो. घराच्या मागे स्ट्रॉबेरी आणि पुढे कपाटभर पुस्तके हे काही शहरातल्या माणसाच्या करमणुकीसाठी नाही. त्या घरातली मुलेही त्या कपाटाजवळच वाढतात.

आता स्ट्रॉबेरी. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इंग्रजांनी आणलेले हे फळ आता इथल्या लहान शेतकऱ्याच्या घराचा कणा आहे. परदेशातून आणलेली मातृरोपे पावसाळ्याच्या तोंडाला रोपवाटिकेत लावतात. त्यांना धावत्या फांद्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांवर पिल्लू रोपे मुळे धरतात. ही रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर जातात. वाफ्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन आणि त्याखाली ठिबकची नळी. नोव्हेंबरअखेर फळ सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. बघायला सोपे, करायला महाग. रोपे, आच्छादन, ठिबक आणि औषधे हा सगळा खर्च फळाच्या आधी होतो. अवेळी पाऊस आला किंवा धुके रेंगाळले, की फळावर करडी बुरशी येते आणि दोन दिवसांत तोडा हातचा जातो. वाण कोणता हे विचाराच, पण गड्याला एक प्रश्न जास्त विचारा: तोडलेले फळ दुपारपर्यंत कुठे ठेवता? सारा नफा त्या सावलीत आहे. तोडणीला बहुतेक बायाच असतात. पहाटे दव असताना, वाकून, देठ न दुखवता. तुमच्या घरची बाई त्यांच्याशी पाच मिनिटे बोलली तर आमच्या घडीपत्रिकेपेक्षा जास्त शिकून येईल.

कुणाच्याही वाफ्यात विचारल्याशिवाय शिरू नये. फोटोसाठी पाय ठेवला की आच्छादन फाटते आणि त्या भोकातून तण येते. आपल्या उभ्या ज्वारीत कुणी असे शिरले तर आपण काय म्हणू?

महाबळेश्वरची वस्ती मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास वाढवली. तिथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवत. या कैद्यांनी रस्ते केले, बागा केल्या आणि बटाटा व इंग्रजी भाज्या पिकवून दाखवल्या. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला, भाजीपाला राहिला. मला विस्तार कार्याचे हे जुने उदाहरण वाटते, फक्त कार्यकर्त्याच्या पायात बेडी होती! महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्रही इथेच आहे. इथली थंड, दमट हवा तांबेऱ्याच्या बुरशीला मानवते, म्हणून गव्हाचे नवे वाण इथे मुद्दाम रोगाच्या तोंडी देऊन पारखतात. याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरी माशीच्या पेट्या, जांभूळ-हिरड्याचा मध. सूर्यफूल किंवा कांद्याचे बी धरणाऱ्यांनी मधापेक्षा पेट्यांची जास्त चौकशी करावी. माशी फिरली की दाणा भरतो.

मुक्काम बाजारपेठेत करू नका. आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी घरगुती निवास काढले आहेत. नाचणीची भाकरी मिळते आणि पैसा शेतकऱ्याच्या घरात राहतो. शनिवार-रविवार टाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जा. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी तिथे एका गोमुखातून पडते. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला निघते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कऱ्हाडला. वाई, कऱ्हाड, सांगलीकडच्या ज्या वाचकांच्या पाटात कृष्णेचे पाणी खेळते, त्यांनी तरी या गोमुखाखाली ओंजळ धरून यावे.

तिथून तापोळ्याचा रस्ता दाट जंगलातून खाली उतरतो आणि एकदम समोर शिवसागर जलाशय येतो. याला मिनी काश्मीर म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते नाव पटत नाही. हे पाणी काश्मीरचे नाही, कोयनेचे आहे, आणि त्याच्या खाली शेते आहेत. एकशे पाच टीएमसीचे कोयना धरण साठच्या दशकात भरू लागले आणि या खोऱ्यातली भातखाचरे, देवळे, घरे बुडाली. माणसे सातारा-सांगलीच्या माळांवर आणि घाटाखाली कोकणात पांगली. जी वरच्या उतारावर राहिली, त्यांचे बाजाराचे, दवाखान्याचे रस्ते पाण्याखाली गेले आणि लाँचची वाट बघणे नशिबी आले. घरातले तरणे गडी मुंबईच्या बाजारात माथाडी झाले. हे पाणी बोगद्यातून पश्चिमेला सोडून वीज होते. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. आपल्या मोटारीचा पंप त्यातल्याच काही विजेवर चालत असेल. होडीत बसाल तेव्हा पोरांना हे सांगा. नावाड्याला विचारलेत तर आपल्या आजोबाचे शेत कुठे होते ते तो पाण्याकडे बोट करून दाखवील.

या खोऱ्यात आता दुसरी लाट येत आहे. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र ठरवल्यामुळे वर बांधकामाला मर्यादा आल्या. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थानाच्या नियोजनाचे काम २०१९ मध्ये रस्ते विकास महामंडळाकडे आले आणि शेकडो गावे त्यात धरली गेली. रस्ता होईल, दवाखाना होईल, हे चांगलेच. पण रस्त्याच्या आधी जमिनीचे दलाल पोचतात. दरीच्या कडेचा वरकस तुकडा, जिथे नाचणी-वरीशिवाय काही होत नाही, त्याला कुणी लाखात भाव केला की मन डळमळते. माझे सांगणे स्पष्ट आहे. तुकडा विकून आलेला पैसा एका लग्नात आणि एका गाडीत जातो, आणि मग त्याच तुकड्यावर उभ्या राहिलेल्या हॉटेलात आपला मुलगा ताटे उचलतो. विकण्याऐवजी दोन खोल्या काढा. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण केले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. हे तापोळ्याला लागू आहे तसे माळशेज, भंडारदरा, आंबोली, जिथे जिथे घाटरस्ता आहे तिथल्या आपल्या वाचकांनाही लागू आहे. सातबारावर घरातल्या बाईचे नाव लावून घेतलेले असेल तर दलालाचे काम आणखी अवघड होते.

जाण्यायेण्याविषयी थोडे. एस. टी. सर्वांत बरी. २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना २०२२ पासून प्रवास मोफत. स्वतःची गाडी असेल तर ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. ब्रेक तापले की धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. पिकअपच्या हौद्यात माणसे भरून घाटात येऊ नका, ट्रॅक्टर-ट्रॉली तर नकोच. धुके उतरले तर दिवे लावून कडेला मोकळ्या जागी थांबा. तापोळ्याचा रस्ता अरुंद आहे, ऊन असतानाच परत वर या.

परतताना स्ट्रॉबेरी घ्याल, तर देठापर्यंत लाल झालेलीच घ्या. हे फळ तोडल्यावर पिकत नाही. धुवून भरू नका, पाटी उन्हात ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. उरलीच तर समभाग साखर घालून मंद आचेवर शिजवा आणि कोरड्या बरणीत भरा.