जय भीम म्हणा, पण बिलही द्या

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीतल्या डिझाइन करणाऱ्या, व्हिडिओ काढणाऱ्या, गाणी लिहिणाऱ्या पोरापोरींचे फोन रात्री उशिरापर्यंत वाजत असतात. बॅनर हवा, रील हवी, मिरवणुकीसाठी नवे गाणे हवे. मांडववाल्याला आगाऊ रक्कम मिळते. डीजेवाला पैसे घेतल्याशिवाय गाडीच काढत नाही. कलाकाराला मात्र सांगितले जाते, "बाबासाहेबांचं काम आहे, पैसे कसले मागतोस?"

हे विचारणारे आपलेच लोक असतात. म्हणूनच याबद्दल बोलणे आम्हाला भाग आहे.

महार वतन आठवा. कामाला वेळ नाही, मर्यादा नाही आणि मोबदला गावाच्या मर्जीवर! बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे कोणती ते ठरावे, मोबदल्याची हमी असावी, हा त्यामागचा एक हेतू होता. मग त्यांच्याच जयंतीला आपण आपल्या मुलांकडून मोबदला न ठरवता काम का करून घेतो?

"चळवळीकडे पैसा कुठे आहे?" असे काही कार्यकर्ते म्हणतील. खरे आहे, सगळीकडे नाही. पण तिथेही मार्ग आहे. कलाकाराने पूर्ण रकमेचे बिल करावे आणि परवडत असेल तर त्यातली रक्कम दान म्हणून सोडावी. दान देणाऱ्याच्या इच्छेने होते. मागणाऱ्याने गृहीत धरले की त्याची वेठ होते.

आता दोन शब्द आमच्या तरुण कलाकारांशी. कला अंगी असली तरी धंदा शिकावा लागतो, आणि तो शिकण्यात कमीपणा नाही. काम घेताना किती पैसे, किती दिवस आणि किती वेळा बदल, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. निम्मी रक्कम आधी घ्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती काम घेण्याआधीच करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते.

गाणे लिहिणाऱ्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा समजून घ्यावा. लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय गाण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. कंपनीने पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

आणखी एक. एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर, एवढ्यावर वर्षाची चूल पेटत नाही. दुकाने, शाळा, प्रकाशक, बाहेरची कामेही धरा. हंगामाच्या कमाईतून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. घरभाड्याची चिंता नसेल, तरच नको त्या कामाला नाही म्हणता येते.

आमच्या शाहिरांनी आयुष्यभर गाऊन चळवळ घरोघरी नेली, आणि त्यातल्या कितीतरी जणांची म्हातारपणी आबाळ झाली. आपण त्यांच्या पुण्यतिथीला हार घालतो. आजच्या कलाकाराला हार नको, ठरलेली रक्कम वेळेवर द्या. यंदाच्या जयंतीच्या बजेटमध्ये मांडव आणि डीजेखाली कलाकाराच्या मानधनाची एक ओळ लिहा. सुरुवात तिथून होईल.

जय भीम!