घुमवू की कोरडंच ठेवू?

रात्रीचे सव्वाअकरा. उद्याच्या प्रेझेंटेशनची अकरावी स्लाइड चालू होती आणि मोबाइल वाजला. मालगुंडहून आतेभाऊ.

"दादा, एकच सांग. अ‍ॅम्प रिव्हर्बवाला घेऊ की बिनरिव्हर्बचा?"

मी स्क्रीनवरून नजरही न हटवता सांगून टाकलं, "रिव्हर्बवाला. डोळे मिटून घे."

"साडेतीन हजारांचा फरक पडतोय."

"अरे, मग काय झालं?"

पलीकडे जरा शांतता. मग नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या 'बरं'ने माझी झोप उडवली. साडेतीन हजार म्हणजे आपल्यासारख्यांची एक पार्टी आणि येता-जाता कॅब. पण हा पठ्ठ्या गणपतीपुळ्याला एका होम-स्टेच्या काउंटरवर बसतो. चौदा हजार साठवायला त्याला दीड वर्ष लागलंय. मे महिन्याच्या सीझनला संध्याकाळी पाहुण्यांसाठी गिटार वाजवशील का, असं मालकाने विचारलंय. गाण्याबजावण्यातली पहिली कमाई! आणि पावसाच्या आधी घर शाकारायचं आहे. आत्याने साफ बजावलंय, "वाजव हो खुशाल, पण कौलांचे पैसे सुटले पाहिजेत."

म्हणजे चॉइस अ‍ॅम्पची नव्हतीच. एका बटणाची किंमत किती कौलं, असा हिशेब होता. आणि मी उत्तर देऊन टाकलं होतं डोळे मिटून.

पुढच्या शुक्रवारी माझाच अ‍ॅम्प डिकीत टाकला, हायवे धरला आणि निवळी फाट्यावरून आत वळलो. म्हटलं, बघू तरी तिथे कसा वाजतो.

आधी टाळी वाजवा

मंडळी, आता वाचता वाचता एक काम करा. जिथे असाल तिथे एकदा जोरात टाळी वाजवा. (ऑफिसात असाल तर बॉस जेवायला गेल्यावर.) मग बाथरूममध्ये जाऊन पुन्हा वाजवा. टाळीमागून जी शेपटी ऐकू येते ना, ती म्हणजे रिव्हर्ब.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. टाइल्सची भिंत तीन-साडेतीन मीटरवर असेल तर तो तिच्यावर आपटून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत कानात हजर. असे शेकडो परतीचे आवाज एकात एक मिसळतात आणि हळूहळू विरतात. भिंत सतरा मीटरच्या पलीकडे असेल तर मात्र परतीचा आवाज वेगळा, सुटा ऐकू येतो. तो प्रतिध्वनी, आपला एको. विजापूरच्या गोल घुमटात गाइड जी गंमत करून दाखवतात, ती एकोची. बाथरूममध्ये आपण सगळे किशोरकुमार होतो, ती रिव्हर्बची.

हे विरणं मोजायची रीत १८९५ नंतरच्या काही वर्षांत वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने शोधून काढली. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, हे त्याचं माप. खोली जितकी मोठी तितकी शेपटी लांब. गाद्या, पडदे, माणसं जितकी जास्त तितकी ती आखूड.

आता इलेक्ट्रिक गिटारची गोची बघा. सतारीला मुख्य तारांच्या खाली अकरा-तेरा तरफेच्या तारा असतात. वर एक सूर छेडला की खाली त्या आपसूक गुणगुणतात. म्हणजे सतारीला रिव्हर्ब बिल्ट-इन! भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारला ना पोकळ पोट, ना तरफा. तार हलते, पिकअप ते टिपतो, वायर अ‍ॅम्पमध्ये जाते. या सगळ्या प्रवासात हवा नाही, की खोली नाही. म्हणून तो सूर नुकत्या अंघोळ घातलेल्या मांजरासारखा दिसतो. ओला, बारका आणि केविलवाणा.

टेलिफोन, चर्च आणि स्प्रिंग

यावरचा इलाज आला भलत्याच गल्लीतून. दूरच्या टेलिफोन लाइनवर आवाज उशिरा पोचतो, त्याचा अभ्यास करायला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्प्रिंगा वापरत होते. लॉरेन्स हॅमंडने ती कल्पना उचलून आपल्या ऑर्गनमध्ये बसवली. लोक चर्चमधला ऑर्गन घरी घ्यायचे आणि गालिचा-पडद्यांच्या दिवाणखान्यात तो घुमायचाच नाही. मग तक्रारी.

युक्ती सोपी. सूर एका टोकाने स्प्रिंगला हलवतो, लाट दुसऱ्या टोकाला जाते, तिथून परतते, पुन्हा जाते. त्या टोकाचं कॉइल हे सगळं टिपतं आणि मूळ सुरात मिसळतं. दोन-तीन स्प्रिंगा जरा वेगवेगळ्या लांबीच्या ठेवल्या की झाली खोली तयार. १९६१मध्ये अ‍ॅम्पेगने 'रिव्हर्बरॉकेट' या गिटार अ‍ॅम्पच्या पोटात रिव्हर्ब घातला. त्याच वर्षी फेंडरने वेगळी रिव्हर्बची पेटी काढली आणि १९६३मध्ये 'व्हायब्रोव्हर्ब'मध्ये ती अ‍ॅम्पच्या आतच बसवली. कॅलिफोर्नियाच्या सर्फवाल्या पोरांनी ते बटण पार टोकाला नेलं आणि एक अख्खी स्टाइल उभी राहिली.

पण त्याच दशकातले सुरुवातीचे मार्शल जेटीएम-४५ आणि व्हॉक्स एसी-३० बिनरिव्हर्बचे होते. रॉकची निम्मी कुंडली त्यांच्यावर लिहिली गेली. एसी/डीसीची रिदम ऐका. कोरडी ठाक, आणि तरी कानाखाली जाळ. आजही फेंडरच्या घरात दोन भाऊ सापडतील. ब्लूज ज्युनियरला रिव्हर्ब आहे. प्रो ज्युनियरला बटणंच दोन, व्हॉल्यूम आणि टोन. म्हणजे हा श्रीमंत-गरीब मामला नाही. दोन स्वभाव आहेत.

आत्याचं खळं

तर मालगुंड. शनिवारी संध्याकाळी आत्याच्या खळ्यात अ‍ॅम्प मांडला. वर झापांचा मांडव, खाली सारवलेली जमीन, मागे जांभ्या दगडाचं कौलारू घर, पुढे पोफळी आणि पलीकडे समुद्राची गाज. आंब्याला मोहोर आलेला. एकदम पोस्टकार्ड, बॉस.

मी टाळी वाजवली. काहीच नाही! टाळी वाजली आणि संपली. शेण-मातीची जमीन आवाज पिऊन टाकते, झापांतून तो निसटतो आणि उरलेला आभाळात जातो. माझ्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आणि काचेच्या खिडक्या अ‍ॅम्प न लावताच घुमतात. म्हणजे बघा, ज्याच्या घरात फुकटचा रिव्हर्ब, त्या माझ्याकडे तीन स्प्रिंगा जास्तीच्या. आणि ज्याला उघड्यावर वाजवायचंय, तो साडेतीन हजारांसाठी अडलेला.

मी मुद्दा सिद्ध झाल्याच्या थाटात माझा हुकमी पीस सुरू केला. गेली आठ वर्षं प्रत्येक ऑफिस पार्टीत टाळ्या घेणारा. रिव्हर्ब सहावर. सूर पोफळीत तरंगायला लागले. तेवढ्यात शेजारचं पोर धावत आलं, अ‍ॅम्पला धडकलं आणि आतल्या स्प्रिंगांनी असा काही गडगडाट केला की आत्या परसातली वाळवण उचलायला पळाली. फेब्रुवारीत!

भाऊ शांतपणे पुढे झाला आणि त्याने रिव्हर्बचं बटण शून्यावर आणलं. "दादा, आता वाजव."

वाजवलं. आणि मला माझाच आवाज ओळखता येईना. दोन सुरांच्या मधली तार नीट दाबलेली नव्हती, ती खरखरत होती. तिसऱ्या मात्रेला मी दर वेळी धावत होतो. हे सगळं आधीही होतंच. आठ वर्षं ते मी तीन स्प्रिंगांच्या मागे लपवत होतो आणि टाळ्या घेत होतो.

आत्या वाळवण ठेवून आली आणि म्हणाली, "हां, आता कळलं तू काय वाजवतोस ते." तिने हे कौतुकाने म्हटलं की कसं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काका ओटीवर सुपारी कातरत होते. चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "साउंडवाला एको वाढवतो ना, तेव्हा बेसूर झाकला जातो खरा. पण अभंगाचे शब्दही झाकले जातात."

मग भावाने गिटार घेतली. बोटांनी, सावकाश, साधी जुनी चाल. बटण शून्यावरच. सूर स्वच्छ होते, पण लगेच संपत होते, टाळीसारखे. त्याने रिव्हर्ब दोनवर नेला. खळ्याला जणू भिंती आल्या. आत्याही हातातलं काम सोडून बसली. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतं. फक्त मी ते त्याच्या खळ्यात उभं राहून दिलं नव्हतं.

मग घ्यायचा कोणता?

रात्री ओटीवर कागद-पेन घेऊन बसलो. दुसऱ्या कोणासाठी नाही तर तुमच्यासाठी तो हिशेब इथे देतो.

पहिला प्रश्न, वाजवणार कुठे? घुमणाऱ्या हॉलमध्ये असाल तर बिल्ट-इन रिव्हर्बचं बटण बहुतेक शून्याजवळच राहील. उघड्यावर, किंवा गाद्या-पडद्यांनी भरलेल्या खोलीत असाल तर ते लागेलच. आणि फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून वाजवत असाल, तर तुमच्या कानाला खोलीच नाही. तिथे रिव्हर्ब चैन नाही, गरज आहे. आजकालच्या छोट्या डिजिटल अ‍ॅम्पमध्ये तो मिळतोच, स्प्रिंगांचा गडगडाट वजा करून.

दुसरा प्रश्न, सूर स्वच्छ की फाटका? इथे खरी मेख आहे. बिनरिव्हर्बचा अ‍ॅम्प घेऊन पुढे रिव्हर्बचं पेडल लावू, असं सगळेच म्हणतात. स्वच्छ सुरासाठी ते मस्त चालतं. पण अ‍ॅम्प जोरात लावून त्याचाच आवाज फाडायचा असेल, तर आधी रिव्हर्ब आणि मग फाडणं असा उलटा क्रम होतो. शेपटीही फाटते आणि सगळ्याचा चिखल. त्यासाठी अ‍ॅम्पला मागे इफेक्ट्स लूप लागतो. तो नसेल तर बिल्ट-इनच बरा; तिथे रिव्हर्ब निदान प्रीअ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यानंतर मिसळतो.

तिसरा प्रश्न, त्याच पैशात दुसरं काय मिळतं? स्वस्त अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्बच्या बटणापेक्षा मोठा स्पीकर जास्त उपयोगी. सहा इंचाच्या डबड्याला रिव्हर्ब लावला की डबडंच घुमतं. शिवाय किनाऱ्यावरची खारी, दमट हवा स्प्रिंगा आणि त्यांच्या पिना सोडत नाही. पेडल मात्र वाजवून झालं की डब्यात भरून कपाटात ठेवता येतं.

आणि चौथा, जो कुठलाच दुकानदार विचारत नाही. तुम्हाला सराव करायचाय की स्वतःला छान ऐकू यायचंय? रिव्हर्बचं बटण शून्यावर नेता येतं हे खरं. पण हात शून्यावर जातो का? माझा आठ वर्षांत एकदाही गेला नव्हता.

भावाने कागद उलटा केला आणि स्वतःच ठरवलं. बिनरिव्हर्बचा, दहा इंची स्पीकरवाला घ्यायचा. त्याचा सूर स्वच्छ, त्यामुळे पेडल पुढे लावलं तरी बिघडत नाही. सीझनचे पहिले पैसे आले की तेव्हा पेडल. तोवर कोरडं वाजवायचं. "कोरडं चांगलं वाटलं तर ओलं वाटेलच की," म्हणाला. वाचलेले साडेतीन हजार त्याने आत्यासमोर ठेवले. आत्याने पदराला हात पुसून ते डब्यात टाकले आणि काही न बोलता त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

रविवारी निघण्याआधी केशवसुतांच्या स्मारकावर गेलो. १८६६ साली ते याच गावात जन्मले. १९९४मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते या स्मारकाचं उद्घाटन झालं. शाळेत 'तुतारी' पाठ केलेले आपण, 'सतारीचे बोल' मात्र विसरलेले असतो. त्या कवितेत निराश झालेला एक माणूस रात्री भटकत असतो आणि कोणाच्या तरी खिडकीतून सतार ऐकू येते. वाजवणारा कोण, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. वाजवणाऱ्यालाही खाली कोणी उभं आहे याचा पत्ता नसतो. पण तो माणूस सावरतो.

त्या खिडकीखालच्या माणसाला स्प्रिंगा, पेडल, लूप कशाशी काय घेणं? आत बसून कोणीतरी मन लावून वाजवत होतं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं.

ठाण्याला परत आल्यावर माझ्या अ‍ॅम्पच्या रिव्हर्बच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे. शून्यावर. तिसरी मात्रा जागेवर येईपर्यंत काढायची नाही. शेजारच्या काकूंनी परवा लिफ्टमध्ये विचारलं, "काय हो, नवीन शिकायला लागलात का?"

म्हटलं, "हो."