चिमटीतला तंतू आणि हिऱ्याची कणी

१/ गेवराई, माजलगाव, धारूरच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहते. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, चिमटीत तंतू ताणून लांबी पाहतो आणि भाव सांगतो. बीडच्या कापसाचा इतिहास सहसा भावाचा म्हणून सांगितला जातो. तो मोजमापाचाही आहे. माप ज्याच्या हाती, मोल त्याच्या हाती. #थ्रेड

२/ १९२४ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा उघडली. नव्या वाणांचे सूत कसे निघते, हे तपासणे तिचे काम. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तीच संस्था आज ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते.

३/ कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी. तिचा बहुतांश भाग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. या साखळ्यांच्या जुड्या काही नॅनोमीटर जाडीच्या असतात. प्रकाशाची तरंगलांबी त्याहून कितीतरी मोठी, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत.

४/ १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी वेगळी वाट काढली : पाहायचे नाही, चाचपायचे. सोन्याच्या पातळ पत्र्यावर हिऱ्याची कणी बसवून त्यांनी पहिला अणुबल सूक्ष्मदर्शक घडवला. टोक पृष्ठभागावरून फिरते, पट्टी किंचित वाकते आणि त्या वाकण्यातून उंचसखलपणाचा नकाशा तयार होतो. हे पाण्यातही साधते, म्हणून डीएनए आणि प्रथिनेही त्यांच्या नैसर्गिक ओलाव्यात अभ्यासता येतात.

५/ सिरकॉटच्या संशोधकांनी सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने कापसापासून नॅनोसेल्युलोज काढले आणि ते याच यंत्राने तपासले.

६/ म्हणजे व्यापारी आणि यंत्र दोघेही स्पर्शानेच जाणतात. भेद नोंदीचा आहे. यंत्राचे माप कागदावर उरते, दुसऱ्याला पडताळता येते. चिमटीच्या निवाड्यावर शेतकऱ्याला दाद मागता येत नाही.

७/ बोंडअळी आणि पाऊस यांच्यापुढे नॅनोमीटरचे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. अणुबल सूक्ष्मदर्शकाने भाव ठरत नाही, ठरूही नये. पण कापूस शहराकडे जावा आणि त्याविषयीचे ज्ञान तिथेच राहावे, ही रीत शंभर वर्षांची झाली.

८/ वेचणी संपली की पऱ्हाटी चुलीत जाते. सेल्युलोज तिच्यातही आहे. त्याला उद्या मोल आले, तर त्याचा पहिला वाटा शेताच्या बांधापर्यंत पोहोचला पाहिजे.

९/ आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लढायांच्या बखरींइतक्याच आस्थेने जुन्या जिनिंगच्या वह्या व बाजार समित्यांच्या नोंदी जपाव्यात. कोणी, कशाने मोजले, हे त्यांतूनच कळेल.