तळं आधी कागदावर उतरवा

मिनेसोटात आल्यावर सोळा वर्षं मी मासे दुकानातूनच आणले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाच्या पाळीवर वाढलेल्या बाईला हे शोभत नव्हतं. पण आमच्या घरात मुलीच्या हाती गरी देत नसत. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र ठरवलं, आता बास पकडायचा.

बास म्हणजे इथली मरळ समजा. कूळ वेगळं, स्वभाव तोच. गवतात दबा धरून बसायचं आणि समोरून काही सरकलं की झडप घालायची. मरळ पिल्लांचा थवा राखते. बासचा नर उथळ पाण्यात घरटं करून त्यावर पहारा देतो. हे कळल्यावर वाटलं, हा तर ओळखीचा मासा. तिथेच चुकले. मासा ओळखीचा होता, तळं नव्हतं.

पहिल्या सहलीला मी निवडलं मिल लॅक्स. नाव मोठं, बाससाठी प्रसिद्ध. विस्तार पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त आणि खोली जास्तीत जास्त 42 फूट, म्हणजे भली मोठी परात. अशा पसरट पाण्यावर वारा सुटला की लाटा उठायला वेळ लागत नाही. भाड्याची सोळा फुटी होडी, नवा रॉड, डबाभर रंगीत आमिषं आणि मी, तासाभरात नखशिखान्त भिजून धक्क्याला परत. दोष तळ्याचा नव्हता. सगळी तयारी मी सामानाची केली होती, पाण्याची काहीच नाही.

त्यानंतरचा हिवाळा नकाशा वाचण्यात गेला. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत. त्यातल्या हजारो तळ्यांची माहिती राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने सर्वांसाठी फुकट खुली ठेवली आहे: खोलीचा नकाशा, पाणी किती नितळ, जाळं टाकून केलेल्या पाहणीत कोणते मासे किती मिळाले, होडी उतरवायची सार्वजनिक जागा कुठे. घरापासून तासाभरावरचं दोनशे एकरांचं एक तळं मी निवडलं. लहान तळ्यात वारा आवाक्यात राहतो आणि एका सकाळी सगळा काठ फिरून होतो.

नैसर्गिक तळ्याची भाषा धरणापेक्षा वेगळी असते. धरणात बुडालेलं जुनं नदीपात्र असतं, झाडांचे खुंट असतात. मासे त्यांच्या आधाराने राहतात. हिमनद्यांनी घडवलेल्या या तळ्यांत नदीपात्र शोधून काय मिळणार? इथे कडा शोधायच्या. गवत कुठे संपतं, वाळू संपून चिखल कुठे लागतो, जमिनीची जीभ पाण्याखाली कुठवर गेली आहे. नकाशावर खोलीच्या रेषा दाटीने आल्या की उतार तीव्र, विरळ झाल्या की सपाटी. पाणी किती नितळ ते पाहायला एक पांढरी तबकडी दोरीने खाली सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने 1865 साली वापरलेली ही युक्ती आजही चालते. माझ्या तळ्यात तबकडी आठ फुटांवर दिसेनाशी व्हायची. तिच्या साधारण दीडपट-दुप्पट खोलीपर्यंत उजेड पोचतो आणि गवत उगवतं. म्हणजे गवताची कड बारा ते सोळा फुटांवर. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून मी नकाशावर तीन फुल्या मारल्या. आमिषाच्या दुकानदारालाही ‘मासे कुठे’ असं विचारलं नाही. विचारलं, ‘यंदा गवत कुठवर आलंय?’ पहिल्या प्रश्नाला त्याने खांदे उडवले असते. दुसऱ्यावर तो वीस मिनिटं बोलला.

जूनमधल्या शनिवारी पहाटे साडेपाचला होडी पाण्यात होती. पहिल्या फुलीवर काहीच नाही. दुसरी फुली कमळाच्या पानांची. तिथे रबरी बेडूक पानांवरून सरकवला, पाणी फुटलं, मी घाईने रॉड ओढला आणि बेडूक रिकामा परत आला. तेव्हा गावच्या तलावावरचे ढिवर आजोबा आठवले. ते मरळीला खरा बेडूक लावत आणि झडप पडली तरी क्षणभर हात हलवत नसत. पुढच्या झडपेला मी मनात दोन आकडे मोजले. पंधरा इंची बास हाती आला. नियमाने दिवसाला सहा ठेवता येतात. मी तोही सोडून दिला. तिसऱ्या फुलीवर जायची गरजच वाटली नाही.

ही शिकारकथा मी मराठी वर्तमानपत्रात का सांगते आहे? कारण दुसऱ्या देशातून आलेल्या, तळ्याकाठी कुणाशी ओळख नसलेल्या बाईला एका अनोळखी पाण्याचा तळ घरबसल्या समजला. माझ्या गावच्या मामा तलावाची, म्हणजे माजी मालगुजारी तलावाची, खोली मात्र मी आजवर कुठल्या कागदावर पाहिलेली नाही.

गेल्या डिसेंबरात गावी गेले तेव्हा हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर आणि दगड घेऊन डोंग्यात बसले. वल्हं आजोबांच्या मुलाच्या हाती. तोही आता साठीचा. मी दोर सोडायच्या आत तो म्हणायचा, ‘इथं दोन पुरुष.’ अकरा जागा मोजल्या; तो फार तर हातभर चुकला. शेवटी हसत म्हणाला, ‘पोरी, दोर कायले भिजवतेस? इचार ना मले.’

विचारलं तर तो सांगेल, पण तो आहे तोवरच. त्याचा मुलगा नागपूरला गाडी चालवतो. शिवाय तळ आता पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’सारख्या योजनांतून गाळ निघतो, ते चांगलंच आहे. पण यंत्राने खोदलेला खड्डा पावसानंतर वरून दिसत नाही. काठावरून गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यात पुढचं पाऊल कुठे जाईल, हे पोहायला आलेल्या पाहुण्या पोराला कोण सांगणार?

काही जण म्हणतील, खोली आणि मासे उघड केले तर चोरून जाळी पडतील. भीती खोटी नाही. पण मिनेसोटात माहितीबरोबर नियमही येतात: परवाना, दिवसाची मर्यादा, होडी बाहेर काढताच तळाचं बूच काढून पाणी सांडून देण्याची सक्ती, म्हणजे एका तळ्यातली कीड दुसऱ्यात जाऊ नये. आपल्याकडे तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतो. मासळीचा हिशेब त्यांच्याकडेच राहू द्या. खोली मात्र सगळ्यांची.

याला उपग्रह लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ग्रामपंचायतीने एक दोर, एक वही आणि एक ढिवर एवढं घेऊन दोन दिवस द्यावेत. ढिवराला त्या दोन दिवसांची रोजी द्यावी, नकाशावर त्याचं नाव घालावं आणि तो घाटावर रंगवून लावावा: कुठे एक पुरुष, कुठे तीन, खड्डा कुठे. गाळ काढला की पुन्हा मोजावं.

माझ्या वहीत आमच्या तलावाच्या अकराच जागा आहेत. येत्या मे महिन्यात उरलेल्या मोजायला जाणार आहे. दोर भिजेल, तो हसेल. हसू दे.